ह्यांच्या सीडी कुठल्या फॉरमॅटमध्ये?

ह्यांना झटका आला त्याला आता सव्वा वर्ष होईल. उजवा हात गेला, उजवा पाय थोडाफार परत आला, आणि बोलणं गेलं. आवाज तसा खणखणीत आहे, पण त्या आवाजात शब्द एकच उरला, 'नाही'. चहा हवा का विचारलं तर नाही. नको का, तर नाही. मुलीचा फोन आला की डोळे मोठे करून, आनंदाने, "नाही! नाही!" सुरुवातीला आम्ही दोघंही त्यावर हसायचो. पुढे पुढे हसणं कमी होत गेलं.

वाचा-उपचारासाठी आठवड्यातून दोनदा एक बाई घरी येतात. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "काकांना कशाची आवड होती?" 'होती' नका म्हणू, 'आहे' म्हणा, असं मला सांगावंसं वाटलं. तेवढ्यात ह्यांनीच डावा हात उचलून भिंतीकडे बोट केलं. भिंतीला लागून सीडींचं कपाट होतं.

"मग झालं तर," बाई म्हणाल्या. "रोज ऐकवा. बोलता येत नाही अशा लोकांना कधी कधी गाता येतं. मेंदूत गाण्याची वाट थोडी वेगळी असते. येईलच असं सांगत नाही मी, पण ऐकवा."

त्या कपाटात सातशेच्या आसपास सीडी आहेत. हे सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. दिवसभर सुटे भाग मोजायचे, केसाच्या जाडीइतका फरक असला तरी माल परत पाठवायचा, हे त्यांचं काम. तोच स्वभाव घेऊन घरी यायचे. प्रत्येक सीडीच्या कडेला नंबराची चिठ्ठी, आणि एका जाड रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे राग, ताल, कुठे मिळाली ते. बहुतेक शास्त्रीय गाणं, थोडं नाट्यसंगीत. खालच्या दोन कप्प्यांत मात्र घरी भरलेल्या सीडी. नाशिकला, त्र्यंबकला, सटाण्याला कुणाकुणाच्या घरी छोट्या बैठका व्हायच्या. हे परवानगी घेऊन मांडीवर रेकॉर्डर ठेवून बसायचे आणि नंतर ते गाणं सीडीवर भरायचे. अशा शहाऐंशी. त्या दुसऱ्या कुणाकडे नाहीत.

मी गणिताची शिक्षिका. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाले. गाणं आमच्या घरात सतत चालू असायचं, पण माझा त्याच्याशी संबंध पंख्याच्या आवाजाशी असतो तेवढाच. बंद झालं की कळायचं.

बाई गेल्यावर मी पहिली सीडी प्लेअरमध्ये घातली. ती फिरली, खरखरली, आणि पडद्यावर 'डिस्क नाही' अशी अक्षरं आली. दुसरी घातली, तेच. दोन दिवसांनी मी तो प्लेअर पिशवीत घालून रिक्षाने शालिमारच्या बाजारात नेला. तिथल्या दुरुस्तीवाल्यांनी, माझ्याच वयाचे असतील, झाकण उघडून आत बॅटरी मारली.

"मॅडम, लेन्स गेली. हा पार्ट आता येत नाही."

"मग काय करायचं?"

"सीडी आता कोण ऐकतं? सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. ड्राइव्ह देतो एक, लॅपटॉपला बाहेरून जोडायचा. सोपं असतं."

ते खरोखर सोपं होतं. ड्राइव्ह जोडला, ह्यांच्याच लॅपटॉपवर तो प्रोग्राम आधीपासून होता, सीडी घातली की गाण्यांची यादी येते. खाली एक बटण, 'कॉपी करा'. ते दाबलं तर एक चौकट उघडली. कुठल्या फॉरमॅटमध्ये? आणि खाली नावांची रांग. एमपीथ्री, फ्लॅक, वेव्ह, आणखी दोन-चार. एमपीथ्री निवडलं तर त्याच्या पोटात पुन्हा आकडे, १२८, १९२, ३२०.

मी हात मागे घेतला.

मला हे शब्द ओळखीचे होते, हीच तर पंचाईत. ह्यांचा एक मित्र आहे, सटाण्याचा. कांद्याचा व्यापार आणि गाण्याचं वेड. महिन्यातून एकदा तरी तो यायचा, आणि जेवणाच्या टेबलाशी दोघं तासन् तास ह्याच नावांवरून भांडायचे. काय ठेवावं, काय उडालं तर चालतं, कानाला काय कळतं आणि काय कळत नाही. हे हात नाचवून बोलायचे, मधेच टेबलावर थाप मारायचे. मी आत पोहे परतत असायचे, नाहीतर बाहेर पेपर तपासत. ह्यांचा चढा आवाज मला आजही ऐकू येतो. कुठला शब्द ते कुठे जोर देऊन म्हणायचे तेही आठवतं. पण शेवटी म्हणणं काय होतं? कुठलं चांगलं, कुठलं वाईट? ते काही केल्या आठवेना. तेहतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य माझ्यासमोर शंभरदा तरी बोललं गेलं असेल, आणि मला ते एकदाही ऐकावंसं वाटलं नव्हतं.

मुलीला बंगळूरला फोन लावला.

"आई, एमपीथ्री कर. सगळे तेच करतात."

"बाबांना ते आवडायचं का?"

"मला काय माहीत? आणि खरं सांगू, हे सगळं ऑनलाइन मिळतं. कशाला एवढा खटाटोप?"

"घरी भरलेल्या ऑनलाइन नाही मिळत."

"मग त्या कर आधी," ती म्हणाली. तिला मीटिंग होती.

माणूस समोर खुर्चीत बसलेला असताना त्याचं मत दुसऱ्यांना का विचारायचं, असं वाटून मी तीन कागद घेतले. एकावर एमपीथ्री, एकावर फ्लॅक, एकावर वेव्ह, मोठ्या अक्षरांत लिहिलं. छोट्याछोट्या गोष्टींसाठी बाईंनी ही पद्धत शिकवली होती, भात की पोळी, पांढरा शर्ट की निळा. ह्यांच्यासमोर कागद मांडले.

"अहो, तुमच्या सीडी उतरवायच्यात. कशात उतरवू?"

ह्यांनी कागदांकडे पाहिलं. चेहरा एकदम उजळला. डावं बोट फ्लॅकवर ठेवलं. मी म्हटलं, "हे? नक्की?" तर "नाही," म्हणाले आणि बोट एमपीथ्रीवर नेलं. मग वेव्हवर. मग पुन्हा पहिल्यावर, आणि तिथून हवेत, कपाटाकडे, खालच्या कप्प्यांकडे. "नाही, नाही, नाही," असं भरभर, चढउतार करत, अगदी समजावून सांगितल्यासारखं. त्यांना काहीतरी पूर्ण सांगायचं होतं. कदाचित हे त्यासाठी, ते ह्यासाठी, असं काही असेल. कदाचित ज्याचा त्याचा उपयोग सांगत असतील. मी प्रत्येक वेळी "हे का?" विचारत राहिले, आणि शेवटी त्यांनी तळहाताने तिन्ही कागद टेबलावरून झाडून टाकले. मग खिडकीकडे तोंड फिरवलं. मी कागद उचलले. आपण परीक्षा घेतली आणि आपल्यालाच पेपर वाचता आला नाही, असं काहीतरी माझं झालं होतं.

मग मी मला जे येतं ते केलं. हिशेब मांडला. मुलीने एक छोटा स्पीकर पाठवला होता, त्यात कार्ड बसतं आणि बटणं मोठी, डाव्या हाताने दाबता येतील अशी. कार्ड चौसष्ट जीबीचं. एमपीथ्री १२८ मध्ये एक सीडी साठ एमबीच्या आसपास, सातशे गुणिले साठ, म्हणजे सगळं कपाट त्या नखाएवढ्या कार्डात मावतं. फ्लॅकमध्ये एक सीडी तीनशे एमबी. ते मावत नाही. उत्तर स्वच्छ होतं. गणिताचं उत्तर बरोबर आलं की मला जो आनंद होतो, तोही झाला. १२८ निवडलं आणि बटण दाबलं.

सकाळी व्यायाम करून घेणारे डॉक्टर येऊन जातात ते दहाला, आणि जेवण साडेबाराला. मधल्या वेळात रोज एक-दोन सीडी. घरी भरलेल्यांपासून सुरुवात केली. त्या जुन्या, काही ड्राइव्हमध्ये अडखळायच्या, पडद्यावर सूचना यायची की इथला थोडा भाग वाचता येत नाही, पुढे जाऊ का? मी 'हो' दाबायचे. सीडी उतरली की रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण. पेपर तपासल्यासारखं वाटायचं. तीन महिने मला दिवसाला काहीतरी पुरं झाल्याचं समाधान मिळालं, आणि त्या काळात दुसरं कशाचंच मिळत नव्हतं.

शहाऐंशी उतरल्यावर पहिल्यांदा कार्ड स्पीकरमध्ये घालून ह्यांच्यापुढे ठेवलं. एक विलंबित ख्याल होता, सटाण्याच्या बैठकीतला. हे मान मागे टेकवून, डोळे मिटून बसले. मला वाटलं, चला, जमलं. सहा-सात मिनिटं गेली असतील, आणि एकदम डोळे उघडून ते ओरडले, "नाही!" खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली. मी घाबरले. बंद केलं. "काय झालं? दुखतंय का?" नाही. "दुसरं लावू?" नाही. दुसरं लावलं. थोडा वेळ बरं, मग पुन्हा थाप, "नाही!" चार दिवस असंच. प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटांनी ते चिडायचे, चेहरा लाल व्हायचा, आणि मला त्यांचं ब्लडप्रेशर दिसायला लागायचं.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "होतं असं कधी कधी. आवडीची गोष्टच नकोशी होते. आपण काय गमावलं ते तिच्यामुळे जाणवतं ना. थोडे दिवस थांबा."

मला ते पटलं. स्पीकर कपाटावर ठेवून दिला. सीडी उतरवणं मात्र चालूच ठेवलं, कारण ते थांबवलं असतं तर साडेबारापर्यंत मी काय केलं असतं? पंधरा दिवस घरात गाणं नव्हतं. हे सकाळी कपाटाकडे बोट करायचे आणि मी म्हणायचे, "नको हो, त्रास होतो तुम्हाला." ते म्हणायचे, "नाही."

मग सटाण्याचा मित्र आला. झटका आल्यानंतर तो दोनदा आला होता, पण बोलता न येणाऱ्या मित्रासमोर बसणं त्याला जड जायचं, लवकर उठून जायचा. ह्या वेळी डाळिंबांची पिशवी घेऊन आला, चप्पल काढता काढता दारातूनच विचारलं, "वहिनी, कसा शे भाऊ आते?"

"आहेत तसेच."

ह्यांच्याजवळ खुर्ची ओढून तो बसला. मग त्याची नजर स्पीकरवर गेली. मी त्याला सगळं सांगितलं, गाणं लावलं की हे चिडतात म्हणून बंद ठेवलंय.

"भाऊ गाण्यावर चिडेल?" तो म्हणाला. "लावा बरं. मी बघतो."

लावलं. तोच सटाण्याचा ख्याल. मित्र ओळखून हसला, ती बैठक त्याच्याच घरी झाली होती. मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, तो मात्र ह्यांच्या मांडीकडे बघत होता. जरा वेळाने त्याने मला खूण केली. डावा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. एक पेर, दुसरं, तिसरं, सावकाश.

"मात्रा मोजतोय," मित्र हळूच म्हणाला. "बारा. बघा, आता सम येईल."

अंगठा शेवटचं पेर ओलांडून पहिल्यावर आला, तबल्यावर सम पडली आणि ह्यांची मान किंचित हलली. पुन्हा पहिल्यापासून. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. त्यांचा अंगठा कित्येक महिने असा फिरत असेल, आणि मी त्याला झटक्यानंतरचा चाळा समजले होते.

मग ती जागा आली. एक तुकडा संपून दुसरा सुरू होताना गाणं अर्ध्या सेकंदासाठी थांबलं. अगदी श्वास घेतल्याइतकं. पुढची मात्रा उशिरा पडली, अंगठा रिकाम्या पेरावर अडला, आणि "नाही!" थाप.

मित्राने डोक्याला हात लावला. "अहो वहिनी, तुटतंय ना गाणं! बैठक सलग असते. सीडीवर भाऊने आठ-दहा मिनिटांवर नुसत्या खुणा केल्यात, मधे खंड नाही. तुम्ही एमपीथ्री केलं ना? त्याच्यात प्रत्येक तुकड्याच्या टोकाला थोडी शांतता चिकटते. दुसऱ्याला कळणार पण नाही. पण हा मोजत बसलाय. ह्याची सम जातेय दर वेळी!"

हे त्याच्याकडे बघत होते. डोळ्यांत पाणी आलेलं, आणि मान जोरजोरात हलवत, "नाही! नाही! नाही!" हा 'हो' होता, एवढं मलाही कळलं.

मला हसू येत होतं आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. माणूस पंधरा दिवस सांगत होता की गाणं नीट लाव, आणि मी ते गाणंच काढून घेतलं होतं.

चहा झाल्यावर मी मित्राला स्वयंपाकघरात बोलावलं आणि इतके दिवस मनात असलेला प्रश्न विचारला. "तुम्ही दोघं भांडायचात ना ह्याच्यावरून. ह्यांचं म्हणणं काय होतं? कशात ठेवावं?"

त्याने हातातला कप ओट्यावर ठेवला.

"खरं सांगू वहिनी? आठवत नाही. मी एक म्हणायचो, भाऊ दुसरं. पुढच्या महिन्यात मी त्याचं पटवून घेऊन यायचो तर तो माझ्या बाजूला गेलेला असायचा. मग परत उलटं." तो हसला आणि मग हसता हसता थांबला. "आता विचारता येत नाही ना त्याला."

म्हणजे जे वाक्य मी ऐकलं नाही म्हणून स्वतःला दोष देत होते, ते तसं कधी नव्हतंच. याने हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मित्राने मला नीट समजावलं. एमपीथ्री गाणं लहान करताना, कानाला कळणार नाही असं त्याला जे वाटतं ते काढून टाकतं, आणि काढलेलं कायमचं जातं. फ्लॅकही लहान करतं, पण आपण स्वेटर पिशवीत दाबून ठेवतो तसं. उघडलं की सगळं जसंच्या तसं. आणि त्यात तुकडे सलग वाजतात. मोठी हार्ड डिस्क घ्या, म्हणाला, आणि घरी भरलेल्या तरी पुन्हा उतरवा. दुसऱ्या दिवशी मी शालिमारला जाऊन हार्ड डिस्क आणली आणि पेन्सिलीच्या खुणा खोडून पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हा एप्रिल संपत आला होता. आमचा फ्लॅट गंगापूर रोडला, वरच्या मजल्यावर. कपाटाची भिंत पश्चिमेची, दुपारनंतर हात लावला तर चटका बसतो. इतकी वर्षं हे उन्हाळ्यात खालच्या कप्प्यांतल्या सीडी काढून आतल्या खोलीतल्या दिवाणात ठेवायचे. मला ते माहीत होतं. त्यांच्या अनेक खुळांपैकी एक खूळ, म्हणून माहीत होतं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो, आणि ह्या उन्हाळ्यात मला आठवलं नाही.

पहिली सीडी उतरली. दुसरी उतरली. चौथी ड्राइव्हमध्ये फिरली, टक्, टक् असा आवाज करत राहिली आणि बाहेर आली. पुसली, पुन्हा घातली. टक्, टक्. पहिल्या वेळी 'थोडा भाग वाचता येत नाही' असं तरी म्हणाली होती, आता ओळखतही नव्हती. शहाऐंशीपैकी एकोणीस अशा निघाल्या. त्या सगळ्या घेऊन मी पुन्हा शालिमारला गेले. दुरुस्तीवाल्यांनी एक सीडी ट्यूबलाइटसमोर धरली आणि मला दाखवली. तिच्यातून उजेडाचे बारीक बारीक ठिपके दिसत होते, चाळणीसारखे.

"ही वरून खराब नाही मॅडम, आतून गेली. घासून उपयोग नाही."

"तीन महिन्यांपूर्वी चालली होती हो. मी उतरवली होती."

"मग आहे की तुमच्याकडे."

"एमपीथ्रीत आहे. १२८ मध्ये." मी विचारलं, "त्याचं फ्लॅक करता येईल?"

"करता येईल, दोन मिनिटांत." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पण डबा मोठा होईल, आत जेवढं आहे तेवढंच राहील."

ते वाईट अर्थाने बोलले नव्हते. मी पिशवी उचलून बाहेर आले आणि रिक्षा न करता बरंच अंतर नुसती चालत राहिले. तीन महिन्यांपूर्वी तेच दहा वाजता, त्याच खुर्चीवर बसून, त्याच चौकटीतली वरची ओळ सोडून खालची दाबली असती तर? वेळही तेवढाच लागला असता. एका कार्डात सगळं मावावं, एवढाच माझा हट्ट होता, आणि तसं कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या एकोणीसमधली एक सीडी त्र्यंबकची आहे. तिथल्या एका गुरुजींच्या घरची बैठक, वीसेक वर्षांपूर्वीची. गाणं सुरू व्हायच्या आधी हे स्वतः बोललेत. यजमानांनी सांगितलं असावं की चार शब्द बोला. रेकॉर्डर चालू होता म्हणून ते त्यात आलं. साडेतीन मिनिटं. आज कोण गाणार, कुठला राग, तो संध्याकाळी का गातात, आणि मधे एक विनोद, ज्याला लोक हसलेत. मोबाइलवर आमच्याकडे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण ते ह्यांनीच काढलेले, त्यामुळे त्यांत ते नाहीत. "इकडे बघा" आणि "झालं" एवढंच ऐकू येतं. त्यांचं सलग बोलणं असं त्र्यंबकचं हे एवढंच. ते आता माझ्याकडे आहे ते १२८ मध्ये. आवाज त्यांचाच आहे, पण स आणि श जरा पाण्यातून आल्यासारखे, आणि लोक हसतात तिथे पत्र्यावर वाळू पडल्यासारखा आवाज येतो. मूळ सीडीवर तो कसा होता ते मला सांगता येणार नाही. मी ती कधी ऐकलीच नव्हती.

मे महिन्यात बाईंच्या सांगण्यावरून ह्यांच्या कानांची तपासणी झाली. वरच्या पट्टीतलं बरंच ऐकू येत नाही, असं निघालं. वयाने होतं म्हणे, झटक्याशी संबंध नाही. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग एमपीथ्री काय आणि फ्लॅक काय, त्यांना फरक कुठे कळणार आहे, आई?" माझं समाधान व्हावं म्हणूनच म्हणाली ती. मी "हो गं" म्हटलं. पण सम गेलेली त्यांना कळत होती. आणखी काय काय कळतं ते मला कोण सांगणार?

आता घरात रोज गाणं असतं. मोठ्या हार्ड डिस्कवरून, सलग. हे मात्रा मोजतात, चिडत नाहीत. गायला लागलेले नाहीत. एकदा दोनदा घशातून सूर आल्यासारखा वाटला, मी धावत गेले तर खोकला होता. शब्द अजून तोच एक आहे.

त्र्यंबकची फाइल ह्यांना ऐकवावी की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, तुम्ही ओळखता त्यांना, तुम्हीच ठरवा. मी ओळखते म्हणजे नक्की काय, असं विचारावंसं वाटलं. शेवटी गेल्या आठवड्यात, सकाळचा व्यायाम झाल्यावर, लावली.

आधी खोलीतली कुजबुज, भांड्याचा आवाज, मग ह्यांचा आवाज. "नमस्कार. आज आपण सगळे..." ह्यांनी मान वर केली. आधी दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. मग स्पीकरकडे. मग माझ्याकडे. आवाज बोलत होता, भराभर, सहज, मधे थांबून, योग्य शब्द सापडल्यावर पुढे जात. ह्यांचे ओठ हलायला लागले. आवाजाबरोबर नाही, थोडे मागून. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी घाईघाईने बंद केलं.

"नाही," ते म्हणाले.

"लावू परत?"

"नाही."

मी लावलं. "नाही." बंद केलं. "नाही." तोच शब्द, तोच सूर, आणि मला चारही वेळा त्यातलं काही कळलं नाही. मग मी बटणावरचा हात काढला आणि वाजू दिलं. त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. बोलणं संपलं, तंबोरे सुरू झाले. ती फाइल तुकड्यांचीच आहे, ती तशीच राहणार, त्यामुळे मधे मधे गाणं तुटत होतं आणि प्रत्येक वेळी त्यांचा अंगठा अडून पुन्हा पहिल्या पेरावर जात होता. थाप मारली नाही. मी विसाव्या मिनिटाला पाणी आणायला उठले, परत आले तर त्यांचा डोळा लागला होता.

बाईंनी नोंदींसाठी एक वही दिली आहे, काय ऐकवलं, किती वेळ, काय झालं, असे रकाने आखलेली. जेवणाच्या आधी मी त्यात लिहिलं, 'त्र्यंबकची बैठक. वीस मिनिटं. एकदा रडले.' शेवटच्या रकान्यावर 'कारण' असं छापलेलं आहे. तो तसाच ठेवून मी भात टाकायला गेले.